पांढरा शर्ट, काळी पाटी आणि दोन वर्षं

मुक्काम_यूटा

यूटात राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली. सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्हो यांच्या मधोमध लेही नावाचं गाव आहे, तिथल्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात माझी नोकरी. इथे आल्यावर सगळ्यात आधी चक्रावले ते सहकाऱ्यांच्या भाषा ऐकून. शेजारच्या टेबलावरचा सोनेरी केसांचा पोरगा व्हिएतनामी हॉटेलात गेला की मालकिणीशी तिच्या भाषेत गप्पा ठोकतो. टेस्टिंगवाली फिलिपिन्सची तागालोग बोलते. मॅनेजरला पोर्तुगीज येतं, तेही ब्राझीलच्या ईशान्येकडच्या हेलात. यांच्यापैकी कुणाचे आईबाप परदेशी नाहीत, कुणी भाषेची पदवी घेतलेली नाही. सगळे 'मिशन'वर, म्हणजे मॉर्मन चर्चच्या धर्मप्रचाराला जाऊन आलेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत: जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला, १८४४ मध्ये जमावाने त्याचा खून केला, आणि ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग लोक १८४७ मध्ये यूटाच्या वाळवंटात आले. अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ पासून वरिष्ठ 'आम्हाला मॉर्मन म्हणू नका' असं सांगताहेत, पण धाग्यापुरतं मी तेच वापरते, नाहीतर टंकताना बोटं मोडतील.

तर मिशन. मुलग्यांकडून ते अपेक्षितच असतं, मुलींनी हवं तर जावं. मुलगे दोन वर्षं, मुली दीड. २०१२ च्या ऑक्टोबरात वयाची अट खाली आणली, मुलग्यांना १९ ऐवजी १८ आणि मुलींना २१ ऐवजी १९ (२०२५ च्या अखेरीस मुलींनाही १८ केली). २०१२ नंतर मुलींचं प्रमाण एकदम वाढलं. अर्ज भरायचा, दातांपासून सगळ्या तपासण्या करायच्या, बिशपला मुलाखत द्यायची (हा बिशप पगारी नसतो, आमच्या गल्लीतला बिशप दिवसा दातांचा डॉक्टर आहे) आणि वाट बघायची. देश आपण निवडायचा नाही. पूर्वी टपालाने नेमणुकीचं मोठं पांढरं पाकीट यायचं, २०१८ पासून ते ऑनलाइन येतं. शेजाऱ्यांच्या मुलाची चिठ्ठी उघडायच्या वेळी आम्हालाही बोलावणं होतं. आत्या, काका, मित्र सगळे खोलीत दाटीवाटीने, आजी व्हिडिओवर. आयडाहो निघेल की मंगोलिया, यावर पैजा. निघालं जपान. मुलगा हसत होता, आई एकदम स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढे प्रोव्होचं प्रशिक्षण केंद्र. स्वतःच्या भाषेत काम असेल तर तीनेक आठवडे, जपानी-चिनीसारख्या भाषेला साधारण नऊ. (आता त्यातला काही भाग घरून ऑनलाइन होतो.) शिकवणारे बहुतेक विद्यापीठातली पोरं, तीही मिशनवर जाऊन आलेली. पहिल्या काही दिवसांतच मोडक्यातोडक्या परभाषेत प्रार्थना म्हणायला लावतात. व्याकरण मागाहून.

आणि मग नियम. सकाळी साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, पोहणं नाही, प्रेमप्रकरण अर्थातच नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी पत्र यासाठी, बहुधा सोमवार. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो जोडीचा नियम. मिशनरी एकटा कधीच नसतो. एक 'कम्पॅनियन' नेमून दिलेला असतो. त्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात चोवीस तास राहायचं. एका खोलीत झोपायचं, एकत्र जेवायचं, एकत्र दारं ठोठवायची. तोही आपण निवडायचा नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या निघतात, त्यात जोडी फुटू शकते किंवा तशीच राहते. न्हाणीघर सोडलं तर एकांत नाही.

ही दोन पोरं कुणाच्या दाराशी उभी राहिली की आपल्याला प्रश्न पडतो, हे किती लोकांना बाटवतात? इथे राहून माझं मत असं झालंय की तो हिशेब दुय्यम आहे. बऱ्याच देशांत दोन वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बाप्तिस्मे होतात, कित्येकांचा एकही नाही. पण अठराव्या वर्षी, जेव्हा पोरं घरचं सगळं झुगारायला लागतात नेमकी तेव्हा, त्यांना रोज दहा वेळा अनोळखी माणसासमोर 'माझा यावर विश्वास आहे' म्हणायला लावायचं, तेही परक्या भाषेत, बाजूला साक्षीदार ठेवून. ज्याचं मतपरिवर्तन व्हायचं तो दाराच्या बाहेर उभा असतो.

मी स्वतः नास्तिकतेकडे झुकलेली आहे, त्यामुळे प्रचार समजू नये. दाराच्या आतल्या बाजूचे अनुभव कुणाला असतील तर ऐकायला आवडेल.

---

साबुदाणा_वडा

वाचतेय. फोन तरी करू देतात का घरी?

---

मुक्काम_यूटा

आता देतात. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून दोनच फोन होते, नाताळ आणि मदर्स डे. एरवी आठवड्याला एक ईमेल. आता दर आठवड्याला त्या मोकळ्या दिवशी फोन किंवा व्हिडिओ चालतो. जुने लोक म्हणतात, आताच्या पोरांची मजा आहे. यावर इथल्या जेवणाच्या टेबलावर रीतसर भांडणं होतात.

---

नागोयाकर

माझा दाराच्या आतला अनुभव आहे, म्हणजे चर्चच्या आतला. नागोयात नवीन होतो तेव्हा जपानी येईना आणि ऑफिसबाहेर ओळखी होईनात. स्टेशनजवळ दोन अमेरिकन पोरांनी कागद हातात दिला, मोफत इंग्रजी संभाषण वर्ग. मला इंग्रजीची गरज नव्हती, पण तिथे जपानी माणसं भेटतील म्हणून गेलो. वर्ग खरंच मोफत आणि खरंच इंग्रजीचा. शेवटी छोटी प्रार्थना आणि 'थांबणार असाल तर धर्माबद्दल बोलू' एवढंच. नव्वद टक्के लोक नम्रपणे वाकून निघून जायचे, त्यात मीही. दर आठवड्याला तेच. पोरांच्या चेहऱ्यावरचं हसू काही ढळायचं नाही.

जपान हा त्यांच्या दृष्टीने खडकाळ मुलूख. १९०१ मध्ये हेबर ग्रँट योकोहामाला उतरला, जो पुढे त्यांचा सर्वोच्च नेता झाला. पुढच्या वीसेक वर्षांत बाप्तिस्मे दोनशेच्या आत, म्हणून १९२४ मध्ये गाशा गुंडाळला. परत आले ते महायुद्धानंतर, १९४८ मध्ये. आणि धागाकर्तीच्या मुद्द्याला एक उलटं उदाहरण: १९८० च्या आसपास टोकियोच्या एका मिशनमध्ये आकड्यांचं वेड इतकं वाढलं की रस्त्यात भेटलेल्या पोरांना काही दिवसांत, कधी तर त्याच दिवशी बाप्तिस्मा. त्यातले बरेच जण परत कधी चर्चमध्ये दिसले नाहीत. हे त्यांच्यातल्याच जपानी अभ्यासकांनी नंतर लिहून ठेवलंय. तेव्हा हिशेब दुय्यम असतो हे सरसकट खरं नाही. वरचा अधिकारी कोण आहे त्यावर ठरतं.

अवांतर: जपानी टीव्हीवर ८० च्या दशकात गाजलेले दोन अमेरिकन, केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकट, दोघेही मूळचे मिशनरी. धर्म किती जणांनी घेतला माहीत नाही, पण त्यांचं जपानी ऐकायला अख्खा देश बसायचा.

अति-अवांतर: त्यांना हिरवा चहा चालत नाही. जपानात हे म्हणजे संकटच. मुगिचा (भाजलेल्या जवाचं पाणी) चालतो, त्यात चहाची पत्ती नसते. जपानी यजमान हे एकदा कळलं की लक्षात ठेवतात.

---

हिशेबनीस

खर्च कोण करतं? चर्च गडगंज आहे असं ऐकून आहे.

---

मुक्काम_यूटा

चर्च गडगंज आहेच, पण खर्च पोराचा किंवा घरच्यांचा. अमेरिकेतल्यांना महिना ५०० डॉलर भरावे लागतात. जुलै २०२० च्या आधी ४०० होते. जपानला जा की पेरूला, रक्कम तीच, ती एका सामायिक खात्यात जाते आणि तिथून ज्याच्या त्याच्या गावच्या महागाईप्रमाणे राहण्या-खाण्याला मिळते. १९९१ च्या आधी असं नव्हतं. ज्याला टोकियो निघालं त्याच्या बापाचं दिवाळं, आणि ज्याला बोलिव्हिया त्याची चंगळ. इथली पोरं आठव्या-नवव्या वर्षापासून गवत कापून 'मिशन फंडा'त पैसे टाकतात. गरीब देशांतल्या मुलांना कमी भरावं लागतं.

---

उलटी_गंगा

माझा नवरा अमेरिकन, यूटाचाच, आणि तैवानला मिशन करून आलेला. नंतर त्याने चर्च सोडलं. त्यामुळे आमच्या घरी या विषयावर तिन्ही काळ चर्चा चालू असते. त्याला विचारून लिहितेय.

तो म्हणतो, प्रोव्होच्या नऊ आठवड्यांनंतर आपल्याला मँडरिन येतं असं वाटत होतं. तैवानात उतरल्यावर पहिल्या गावात अर्ध्याहून जास्त म्हातारे होक्कियन बोलणारे. महिनाभर मान डोलवायची आणि पहिला जोडीदार बोलेल त्यात 'हो' म्हणायचं. नवख्याला शिकवायला जो मिळतो त्यावर सगळं मिशन तरतं किंवा बुडतं. त्याचा बरा होता. दुसरा मात्र अजिबात बोलायचा नाही. कामाचं बोलायचा, बाकी शून्य. सहा आठवडे एका खोलीत, सायकलीवर पुढे-मागे, आणि शब्द नाही. बदली होईल म्हणून दिवस मोजले तर पुढचे सहा आठवडे परत तीच जोडी. तो म्हणतो, लग्न काय असतं ते मला तिथे कळलं. (मी हे ऐकून घेतलं.)

पाऊस, सायकल, हेल्मेट, ओले बूट. कॉलर पिवळ्या पडतात म्हणून दर मोकळ्या दिवशी घासत बसायचं. रविवारी रात्री वरच्या पोराला फोन करून आकडे द्यायचे: किती जणांना शिकवलं, किती जण चर्चला आले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख घेतली. वरचा पोरगाही विशीतलाच. आकडे शून्य असले की आवाजात कळायचं, रागावत कुणी नाही, पण 'आपण अजून प्रार्थना करू' असं म्हणायचे. त्या वयात याचा अर्थ सरळ असतो, तुझी श्रद्धा कमी पडली.

आता जी गोष्ट त्याला अजून सलते ती सांगते. कॉलेजातल्या एका मुलाला यांनी शिकवलं, त्याने बाप्तिस्मा घेतला. घरातला थोरला मुलगा. तैवानात थोरल्याने पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायची, छिंगमिंगच्या सणाला थडगी साफ करायची. पूर्वजांचा आदर करायला चर्चची ना नाही, पण उदबत्ती लावून पूजा करायची का, इथे अडलं. वडील महिनोन्महिने त्याच्याशी बोलले नाहीत. तोवर माझ्या नवऱ्याची बदली झाली होती, दुसऱ्या शहरात नवी दारं. तो म्हणतो, एकोणिसाव्या वर्षी मी कुणाच्या घरात हे असं उघडून ठेवलं आणि सायकल काढून पुढे गेलो. मिशनरी निघून जातो, ज्याने धर्म घेतला तो तिथेच राहतो, त्या बापासमोर रोज.

परत आला तेव्हा सॉल्ट लेकच्या विमानतळावर फलक, फुगे, मामेभावंडं सगळं. (नवीन विमानतळ २०२० मध्ये उघडला, त्यात अशा स्वागतासाठी वेगळी खोलीच बांधलीय, कारण या फुग्यांमुळे वाट अडायची.) त्याच दिवशी संध्याकाळी स्टेक प्रेसिडेंटकडे ('स्टेक' म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचा गट) जाऊन सेवामुक्ती, छातीवरची नावाची काळी पाटी काढली. रात्री आपल्या जुन्या खोलीत एकट्याला झोप येईना. धाकट्या भावाच्या खोलीत जाऊन जमिनीवर झोपला.

चर्च का सोडलं हा वेगळा विषय, त्यात मिशनचा वाटा थोडाच. पण मिशनने दाराबाहेरचं पोरगंच श्रद्धेत पक्कं होतं, हे धागाकर्तीचं गणित आमच्या घरी तरी चुकलं. राहिली ती भाषा. आमच्या मुलीला तो झोपवताना चिनी बडबडगीतं म्हणतो.

---

पर्वतीवरचा_मारुती

@उलटी_गंगा, प्रतिसाद फार आवडला.

पण मंडळी, पुण्याचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन १८५२ मध्ये मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांनी झोडपलं, पाद्र्यांनी विरोध केला, मग तो पुण्याला आला. इथे लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचाराला आडकाठी घातली. तरी गोरे शिपाई आणि युरेशियन अशा मूठभरांची शाखा पुण्यात उभी राहिली. म्हणजे १८५७ च्या आधी पुण्यात मॉर्मन होते!

त्याच सुमारास सॉल्ट लेकहून आणखी एक तुकडी निघाली. घोडागाडीने कॅलिफोर्निया, तिथून १८५३ च्या जानेवारीत शिडाचं जहाज, एप्रिलमध्ये कलकत्ता. खिशात पैसे न ठेवता फिरायचं हा तेव्हाचा दंडक. आणि टायमिंग बघा: ऑगस्ट १८५२ च्या ज्या सभेत यांना हिंदुस्थानात पाठवायचं ठरलं, त्याच सभेत चर्चने बहुपत्नीकत्व उघडपणे जाहीर केलं. ही मंडळी पोचायच्या आत बातमी पोचलेली. इंग्रज साहेब आणि मेमसाहेब दार कशाला उघडतात? १८५६ पर्यंत बहुतेक सगळे परत गेले. बहुपत्नीकत्व चर्चने अधिकृतपणे १८९० मध्ये थांबवलं.

आता तुलना. अमेरिकेचं पहिलं परदेशी मिशन मुंबईत १८१३ साली आलं (मॉर्मन नव्हे, अमेरिकन मराठी मिशन). गॉर्डन हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, १८२६ मध्ये प्रवासात पटकीने वारला. त्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्स १५७९ मध्ये आले, चाळीस वर्षं राहिले, ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं आणि तिथेच मातीत गेले. ही माणसं येताना परतीचं तिकीट काढत नव्हती. दोन वर्षांनी घरी जाऊन कॉलेज सुरू करायचं असेल तर त्या भाषेत काय रचणार? मला हा प्रकार इंटर्नशिप वाटतो.

---

साबुदाणा_वडा

इंटर्नशिप +१ 😀 पण फिंडलेचं माहीत नव्हतं. पुण्याच्या लष्कर भागात नक्की कुठे राहायचा काही कळतं का?

---

वसईचा_वारा

मी कॅथलिक, वसईचा. आमच्याकडे फादर व्हायचं तर सेमिनरीत तत्त्वज्ञान, ईशज्ञान सगळं मिळून दहाएक वर्षं जातात. अठरा वर्षांच्या पोराला नऊ आठवड्यांत 'एल्डर' (मिशनरी मुलांना हेच म्हणतात) म्हणून पाठवणं आम्हाला जड जातं. एक माहिती: व्हॅटिकनने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं स्पष्ट केलं. प्रोटेस्टंट माणूस कॅथलिक झाला तर सहसा पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत, मॉर्मन आला तर देतात. तेव्हा 'सगळे मिशनरी एकच' असं कृपया धरू नये.

तरीही @पर्वतीवरचा_मारुती, इंटर्नशिप म्हणणं थोडं अन्यायाचं. स्टीफन्स प्रौढ होता, स्वतः ठरवून आला होता. या पोरांना देशही दुसरं कुणीतरी निवडून देतं.

---

परखड_बोल

धर्मांतराचा धंदा आहे आणि इथे कौतुकसोहळा चाललाय. उद्या हे गोरे आपल्या गल्लीत येतील तेव्हा बघू. सरकारने एकही व्हिसा देऊ नये.

---

मुक्काम_यूटा

@परखड_बोल, कौतुक कुठे दिसलं सांगा. व्हिसाबद्दल म्हणाल तर देश आपापलं ठरवतातच. चीनमध्ये मिशनरी नाहीत. इस्रायलमध्ये प्रचार न करण्याच्या लेखी हमीवर त्यांचं विद्यापीठ केंद्र चालतं. घानाने १९८९ मध्ये चर्चवर बंदी घालून परदेशी मिशनरी बाहेर काढले, दीड वर्षाने उठवली. रशियात २०१६ च्या कायद्यानंतर पोरं 'स्वयंसेवक' म्हणून राहू लागली, दारं ठोठवणं बंद. भारतात बेंगळुरूला १९९३ पासून मिशन आहे, नंतर दिल्लीत झालं. पण तिथे काम करणारी बहुतेक मुलं भारतीयच आहेत. त्यांची वस्ती मुख्यतः दक्षिणेत, पहिला 'स्टेक' २०१२ मध्ये हैदराबादला. महाराष्ट्रात फारसं काही नाही. तुमच्या गल्लीला धोका कमी आहे.

मला विचाराल तर टीका करायला याहून मोठी जागा आहे. १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पुरोहितपद नव्हतं. म्हणजे ब्राझीलला गेलेली पोरं ज्यांना 'ये, हे तुझंही घर' म्हणत होती, त्यांच्या आजी-आजोबांच्या रंगाची चौकशी करत होती. त्या काळात तिथे जाऊन आलेला एक म्हातारा आमच्या रस्त्यावर राहतो. त्याबद्दल विचारलं की तो विषय बदलून हवामानावर येतो.

@उलटी_गंगा, गणित चुकतं हे मान्य. जी मुलं मुदतीआधी परत येतात, आजारपण, नैराश्य, काहीही कारण, त्यांचं तर विचारूच नका. विमानतळावर फुगे नसतात. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलगा परत आला आणि पंधरा दिवस ती बातमी कुणी उच्चारली नाही. नंतर त्याच्या आईनेच मला चालताना सांगितलं. ती रडली नाही, चिडली होती. मुलावर नाही, पुलाव घेऊन सांत्वनाला आलेल्या बायकांवर.

@वसईचा_वारा, २००१ चं माहीत नव्हतं, धन्यवाद.

---

संपादक मंडळ

धर्मांतर कायद्यावर स्वतंत्र धागा आहे. इथे विषयाला धरून लिहावे. एक प्रतिसाद उडवला आहे.

---

पर्वतीवरचा_मारुती

@साबुदाणा_वडा, फिंडलेचा पत्ता माझ्या वाचनात नाही. १८५५ मध्ये तो यूटाला गेला एवढं नक्की.

@वसईचा_वारा, मुद्दा मान्य. इंटर्नशिप मागे घेत नाही, पण सक्तीची इंटर्नशिप म्हणतो.

---

मेलबर्नची_मावशी

धागा वाचत असताना परवा नेमके दोघं आले हो दारात! एक टोंगाचा धिप्पाड, एक अमेरिकन काटकुळा. चाळीस डिग्रीत टाय लावून. मी म्हटलं आत या, पाणी प्या, तर काटकुळा म्हणाला, घरात आणखी कुणी मोठं पुरुषमाणूस आहे का? मी घाबरलेच. मग म्हणाला, नसेल तर आम्ही ओट्यावरच बसतो. हा काय प्रकार?

---

मुक्काम_यूटा

मावशी, घाबरू नका, नियम आहे. बाई घरी एकटी असेल तर मुलगे आत जात नाहीत. मुली-मिशनरी एकट्या पुरुषाच्या घरी जात नाहीत.

---

मेलबर्नची_मावशी

असं होय. मग ओट्यावरच वाढलं. थालीपीठ आणि लोणी. टोंगावाल्याने तीन खाल्ली. धर्माचं काही बोललेच नाहीत, लोणी घरी कसं काढतात तेच विचारत बसले. चहा ठेवणार होते तर नको म्हणाले. पुढच्या गुरुवारी परत येणार आहेत, तेव्हा कोकम सरबत चालेल का? आणि कॉफी चालत नाही तर कोक कसा चालतो त्यांना? टोंगावाल्याच्या पिशवीत बाटली होती.

---

मुक्काम_यूटा

कोकम बिनधास्त द्या. मनाई चहा, कॉफी, दारू, तंबाखू यांना. मूळ उपदेश १८३३ चा, सक्ती नंतरची. कोकवर पूर्वी वाद व्हायचे, २०१२ मध्ये चर्चने चालतो म्हणून सांगून टाकलं. इथे यूटात तर गल्लोगल्ली सोड्याची दुकानं आहेत, कोकमध्ये नारळाचं सिरप आणि लिंबू घालून बादलीएवढ्या ग्लासात देतात. गुरुवारी काका घरी असतील तर आत बसवा, पंखा लावून.

---

मेलबर्नची_मावशी

काका गुरुवारी ब्रिजला जातात. ओट्यावरच बसतील. थालीपिठाची भाजणी संपत आलीय, कुणी भारतातून येतंय का या आठवड्यात?